मामा सुटला, भाचा अडकला : अश्वत्थाम्याचं प्रकरण

एखादा खलनायक कायमचा वाया गेला, त्याला आता परतीची वाट नाही, हे कशावरून ठरवायचं? या वादात एक बाजू मुडदे मोजते आणि दुसरी त्याचं बालपण उकरून काढते. पहिलीला बळींचा आकडा पुरेसा वाटतो, दुसरीला एखादं जुनं दुःख सापडलं की हायसं वाटतं. हल्ली तर मालिकांत खलनायकाला लहानपणीचा एक चटका देऊन ठेवायची पद्धतच पडली आहे, म्हणजे पुढे त्याला धुऊन घेता येतं.

मला हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकीचा वाटतो. का, ते हवेत सांगण्यापेक्षा एकच प्रकरण शेवटपर्यंत तपासून सांगतो. प्रकरण महाभारतातलं, अश्वत्थाम्याचं. ते निवडण्याचं कारण असं की युद्धाच्या शेवटच्या रात्री पांडवांच्या झोपलेल्या छावणीत कत्तल करण्याच्या कटात तिघे होते: अश्वत्थामा, त्याचा मामा कृपाचार्य आणि यादवांकडचा कृतवर्मा. छावणी तीच, रात्र तीच. पण निकाल तीन लागले. भाच्याला 3000 वर्षांचा शाप मिळाला. मामा पुढे हस्तिनापुरात राजगुरू म्हणून मानाने राहिला. कृतवर्मा आपल्या गावी परत गेला. बळींच्या आकड्यावर निकाल लागत असता तर तिघांचा एकच लागायला हवा होता.

महाभारत इतिहास की काव्य, हा वाद इथे नको. मी पात्राबद्दल बोलतो आहे. आधार मुख्यतः सौप्तिकपर्वाचा, अवघ्या 18 अध्यायांचं पर्व. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यात या पर्वाचं संपादन ह. दा. वेलणकरांनी केलं आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण दूरदर्शनवर पाहिलेला आणि कीर्तनात ऐकलेला अश्वत्थामा या पर्वातल्या अश्वत्थाम्याशी सगळीकडे जुळत नाही. पांडव समजून त्याने चुकून झोपलेल्या पाच पोरांची मुंडकी कापली, ही आपल्या सगळ्यांच्या डोक्यातली गोष्ट घ्या. सौप्तिकपर्वात द्रौपदीचे पाचही मुलगे गलक्याने जागे झालेले आहेत, हातात शस्त्रं घेऊन लढत आहेत, आणि अश्वत्थामा त्यांना तलवारीने एकेक करून मारतो. ओळखण्यात चूक वगैरे काही नाही.

आधीचा माणूस

बचावपक्षाकडे सामग्री भरपूर आहे. पिठाच्या पाण्याची गोष्ट तर सर्वांना ठाऊक: द्रोणांच्या घरी गाय नव्हती, श्रीमंतांची मुलं दूध पिताना पाहून पोर रडलं, सवंगड्यांनी पाण्यात पीठ कालवून दिलं आणि ते पिऊन 'मी दूध प्यालो' म्हणत ते नाचलं. आदिपर्वात द्रोण स्वतः हे भीष्मांना सांगतात. या एका प्रसंगावर आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी अश्वत्थाम्याला अर्धी माफी देऊन टाकली आहे.

मला मात्र त्याच्या बाजूने यापेक्षा दोन वजनदार गोष्टी दिसतात आणि त्या फारशा कुणाला आठवत नाहीत. विराटपर्वात गोग्रहणाच्या वेळी, म्हणजे कौरव विराटाच्या गाई पळवायला आलेले असताना, कर्ण बढाया मारू लागतो, तेव्हा त्याला तोंडावर सुनावणारा अश्वत्थामा आहे. द्यूतात मिळवलेल्या राज्यावर कसला गर्व करता, असं तो कौरवांच्या सैन्यात उभा राहून विचारतो. दुसरी गोष्ट कर्णपर्वातली, युद्धाच्या सतराव्या दिवसाची. दुःशासन मेलेला आहे, कर्ण आणि अर्जुन समोरासमोर आलेले आहेत. अशा वेळी अश्वत्थामा दुर्योधनाचा हात हातात घेतो आणि म्हणतो, पुरे झालं हे वैर, पांडवांशी तह कर, अर्जुनाला मी थांबवतो. दुर्योधन ऐकत नाही.

तारीख नीट पाहा. द्रोण पंधराव्या दिवशी गेले. 'अश्वत्थामा मेला' ही खोटी बातमी युधिष्ठिराच्या तोंडून ऐकून त्यांनी शस्त्र टाकलं आणि धृष्टद्युम्नाने ध्यानस्थ बसलेल्या म्हाताऱ्याचं डोकं उडवलं. अश्वत्थाम्याने त्या दिवशी पांचालांच्या नाशाची शपथ घेतली, नारायणास्त्र सोडलं, सगळं केलं. आणि दोन दिवसांनी हाच माणूस, बाप मारला गेल्याचा उल्लेख करूनच, तहाची गोष्ट काढतो. म्हणजे बापाच्या मृत्यूने त्याचं डोकं फिरलं आणि मग जे झालं ते झालं, हा सरधोपट बचाव टिकत नाही. डोकं ठिकाणावर ठेवता येत होतं. त्याने ते ठेवलेलं आहे.

विरुद्ध बाजूची साक्षही आहे, आणि ती दुखावले जाण्याच्या कितीतरी आधीची. सौप्तिकपर्वात कृष्ण दोन गोष्टी सांगतो. एक, द्रोणांनी ब्रह्मशिर अस्त्र पोराला नाखुशीने दिलं, माणसांवर कधीच सोडू नकोस अशी ताकीद देऊन, आणि वर म्हणाले की तू सज्जनांच्या वाटेवर टिकणार नाहीस. बापाने पोराबद्दल दिलेली ही साक्ष. दुसरी गोष्ट द्वारकेची. अश्वत्थामा कृष्णाकडे गेला आणि त्याचं चक्र मागू लागला. घे म्हटल्यावर डाव्या हाताने उचलायला गेला, उचलेना. मग उजव्या हाताने, तरी उचलेना. कशाला हवं होतं, असं विचारल्यावर उत्तर देतो: तुझी पूजा करून तुझ्याशीच लढलो असतो. ही गोष्ट वाचताना हसू येतं, पण कृष्ण ती विनोद म्हणून सांगत नाही. भीम एकटा त्याच्या मागावर निघाला आहे, त्याला सोबत हवी, म्हणून सांगतो.

वडाखालची चर्चा

अठराव्या दिवशी संध्याकाळी दुर्योधन मांड्या मोडून पडलेला आहे. गदायुद्धात बेंबीच्या खाली मारायचं नाही हा नियम, आणि भीमाने तो मोडला. दुर्योधन कृपाचार्यांच्या हातून अश्वत्थाम्याला सेनापतीपदाचा अभिषेक करवतो. सैन्य किती, तर तिघे.

तिघे जण रात्री एका वडाखाली थांबतात. मामा आणि कृतवर्मा झोपतात, भाच्याला झोप लागत नाही. वर झाडावर एक घुबड येतं आणि झोपलेले कावळे मारत सुटतं. कल्पना तिथून सुचते. हे सगळ्यांना माहीत असतं. पुढची चर्चा मात्र बहुतेक जण गाळतात, आणि प्रकरणाचा पहिला महत्त्वाचा पुरावा तिथेच आहे.

मामा समजावतो. आज झोप, थकला आहेस. सकाळी धृतराष्ट्र, गांधारी, विदुर यांना विचारू, ते सांगतील तसं करू. झोपलेल्याला, शस्त्र टाकलेल्याला मारणं धर्मात बसत नाही. अश्वत्थामा उत्तर देतो की धर्माचा बांध त्यांनी आधीच शंभर ठिकाणी फोडला आहे, भीष्म, द्रोण, कर्ण, दुर्योधन कसे मारले ते आठव. वकिली युक्तिवाद म्हणून हा चांगला आहे. समोरच्याने नियम मोडले, आता मला नियम सांगू नका. आजही कुठल्याही भांडणात हा मुद्दा चालतो.

पण तो तिथे थांबत नाही. पुढचं वाक्य असं: 'कामं कीटः पतंगो वा'. बापाच्या मारेकऱ्यांना रात्री झोपेत मारून मला पुढचा जन्म किड्याचा आला काय आणि पाखराचा आला काय, चालेल. इथे तो आपण करतो ते धर्म आहे असं म्हणतच नाही. अधर्म आहे हे मान्य, शिक्षा होईल हे मान्य, तरी करणार. खलनायकाच्या परीक्षेत 'त्याला कळत होतं का' हा प्रश्न नेहमी येतो. इथे त्याचं उत्तर त्याच्याच तोंडात आहे.

आणि मामा? एवढं सगळं बोलून झाल्यावर मामा उठतो आणि भाच्याबरोबर जातो.

छावणीत

दारात एक प्रचंड आकृती उभी असते, कुठलंच शस्त्र तिच्यावर चालत नाही. अश्वत्थामा शंकराची स्तुती करतो, अग्नीत स्वतःचीच आहुती देतो. शंकर प्रसन्न होऊन तलवार देतो आणि त्याच्या अंगात शिरतो. पांचालांची वेळ भरली आहे, असंही सांगतो. बचावपक्ष इथे उठून उभा राहतो: मग पुढचं कृत्य त्याचं कसं? अंगात देव होता.

मुद्दा हलका नाही. पण क्रम पाहिला तर ठराव वडाखाली झाला, शंकर नंतर आला, आणि आपणहून आला नाही. याने आळवून आणला. ज्याने ठरवून दारू ढोसली, त्याने नशेत केलेल्या गोष्टीचा हात झटकू नये. (शंकराच्या वाट्याला यातलं किती जातं, हा वेगळा खटला. तो चालवायची माझी प्राज्ञा नाही.)

आत जाऊन तो पहिल्यांदा धृष्टद्युम्नाच्या तंबूत शिरतो. उंची बिछाना, फुलं, सुगंधी धूप, आणि अठरा दिवसांनी शांत झोपलेला माणूस. लाथ मारून उठवतो. धृष्टद्युम्न त्याला ओळखतो. केस धरून जमिनीवर दाबलेल्या अवस्थेत तो एकच गोष्ट मागतो: शस्त्राने मार, म्हणजे मला वीरांचा लोक मिळेल. अश्वत्थामा म्हणतो, गुरूला मारणाऱ्यांना लोक नसतात, म्हणून तू शस्त्राने मरायच्या लायकीचा नाहीस. आणि टाचा मारमारून, मर्मावर घाव घालून त्याचा जीव घेतो.

हे भयंकर आहे. पण माझ्या मते निकाल अजून इथे लागत नाही. हा सूड आहे, आणि ज्याच्यावर आहे त्याने खरोखरच याच्या बापाला निःशस्त्र असताना मारलं होतं. महाभारताच्या स्वतःच्या मापाने मोजलं तर भीमाने दुःशासनाची छाती फोडून रक्त प्यालं होतं, आणि भीम त्या ग्रंथाचा नायक आहे. कथेचं माप कथेतूनच घ्यायला हवं. आजच्या कायद्याने मोजायला लागलो तर या ग्रंथात शिल्लक कोण राहील?

पुढे उत्तमौजा, युधामन्यू, शिखंडी, द्रौपदीचे पाच मुलगे, आणि नावं नसलेले हजारो. आणि दरवाजावर मामा आणि कृतवर्मा. बाहेर पळणारे लोक कवच नसलेले, केस सुटलेले, काही हात जोडलेले. दोघे त्यांतल्या एकालाही सोडत नाहीत. शिवाय छावणीला तीन ठिकाणी आग लावतात, आत उजेड पडावा म्हणून. कृपाचार्य म्हणजे फक्त गप्प बसलेला साक्षीदार, असं समजणाऱ्यांनी हा भाग वाचावा. रात्रीच्या हिशेबात तो अश्वत्थाम्यापेक्षा फार मागे नाही.

तीन रस्ते

दुर्योधनाला बातमी सांगून, त्याने डोळे मिटल्यावर, तिघे परत फिरतात. वाटेत धृतराष्ट्र आणि गांधारी भेटतात. स्त्रीपर्वात हा छोटा प्रसंग आहे. कृपाचार्य गांधारीला सांगतो की भीमाने तुझ्या मुलाला अधर्माने मारलं, म्हणून झोपलेल्या छावणीत शिरून आम्ही कत्तल केली. या बोलण्यात पश्चात्तापाचा मागमूस नाही, उलट सांत्वन म्हणूनच तो हे सांगतो. मग पांडव येतील या भीतीने तिघे गंगेकडे जातात आणि तिथून पांगतात. कृप हस्तिनापुराला, कृतवर्मा आपल्या देशी, अश्वत्थामा व्यासांच्या आश्रमाकडे.

म्हणजे त्या सकाळपर्यंत तिघांचं पारडं जवळपास सारखं आहे. पश्चात्ताप कुणालाच नाही. उलट तिघांपैकी 'मी पाप केलं' असं म्हणणारा एकटा अश्वत्थामाच निघतो, आणि तेही त्याच दिवशी. तरी बुडतो तोच.

गवताची काडी

पांडव त्याला गंगाकाठी गाठतात. व्यास आणि ऋषी बसलेले, त्यांच्यात हा. अंगाला तूप फासलेलं, कुशाचं वस्त्र, धुळीने माखलेला. भीमाला धनुष्य घेऊन येताना पाहून, मागे अर्जुन आणि कृष्ण दिसताच, तो घाबरतो. जवळ शस्त्र नाही. डाव्या हाताने गवताची एक काडी उपटतो, तिच्यावर ब्रह्मशिर मंत्रतो आणि 'अपांडवाय' म्हणून सोडतो. पृथ्वीवर पांडव उरू नयेत म्हणून.

अर्जुन तेच अस्त्र उलट सोडतो, पण कसं सोडतो पाहा. आधी म्हणतो, आचार्यपुत्राचं कल्याण असो. मग माझं आणि माझ्या भावांचं. मग म्हणतो, अस्त्राने अस्त्र शमो. ज्याच्या मेहुण्यांना, पुतण्यांना आणि स्वतःच्या मुलाला काल रात्री कापलं, तो समोरच्याचं भलं चिंतून अस्त्र सोडतो. ही काही अर्जुनाची आरती नव्हे. पण जवळजवळ त्याच क्षणी, तेच अस्त्र हातात असताना दुसरं कसं वागता येत होतं, हे कथेने शेजारी मांडून ठेवलं आहे.

नारद आणि व्यास दोन अस्त्रांच्या मध्ये उभे राहतात. अर्जुन आपलं मागे घेतो. अश्वत्थाम्याला घेता येत नाही, त्याला तेवढं व्रत आणि संयम नाही. आणि इथे तो म्हणतो: 'कृतं पापमिदं ब्रह्मन्'. रागाच्या भरात हे पाप झालं माझ्या हातून. भीमाच्या भीतीने सोडलं, आता परत घेता येत नाही.

याक्षणी मी न्यायाधीश असतो तर त्याला सोडायच्या बेतात असतो. घाबरलेला माणूस, हातून सुटलेली गोष्ट, कबुली. व्यासांनीही वाट काढलेली आहे: डोक्यावरचा मणी दे, पांडव तुला जीवदान देतील. मणी जन्मापासूनचा, तो असला की शस्त्र, रोग, भूक कशाचंच भय नाही. तो द्यायला अश्वत्थामा तयार होतो. मग सांगतो की हे अमोघ आहे, वाया जाणार नाही, हे पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर पडेल.

आणि व्यास म्हणतात, ठीक, तसं कर, पण याहून आणखी काही मनात आणू नकोस, आणि थांब. हे वाचून मी अडखळतो. व्यासांनी परवानगी दिली असं म्हणावं तर तसंही आहे. पण त्या परवानगीला जोडलेलं शेवटचं वचन आहे 'थांब', आणि प्रकरण त्या शब्दावर फिरतं.

कारण यानंतर कृष्ण बोलतो. उपप्लव्य नगरीत एका ब्राह्मणाने उत्तरेला, म्हणजे विराटाच्या मुलीला, अभिमन्यूच्या बायकोला, सांगितलं होतं की कुरुकुळ क्षीण झाल्यावर तुला मुलगा होईल, त्याचं नाव परीक्षित असेल. ते खरं होईल आणि पांडवांचा वंश चालेल, असं कृष्ण म्हणतो. अश्वत्थामा भडकतो. म्हणतो, तू पक्षपाताने बोलतोस, असं होणार नाही. माझं अस्त्र त्याच विराटकन्येच्या गर्भावर पडेल, जिला तू वाचवू पाहतोस.

एका मिनिटापूर्वी तो 'परत घेता येत नाही, कुठेतरी पडणारच' म्हणत होता. आता तो नेम धरतो आहे. नेम कशावर, तर ज्याने त्याचं काही बिघडवलेलं नाही, जे अजून जन्मलेलंही नाही त्यावर. का, तर समोरच्याला ते हवं आहे म्हणून. इथे बाप नाही, दुर्योधन नाही, सूड तर रात्रीच पुरा झाला. उरली नुसती खुन्नस. पाप झालं असं तोंडाने म्हणून झाल्यावर, मध्ये व्यास उभे असताना, जीवदान हातात असताना.

माझ्या मते निकाल इथे लागतो. आधी केलेल्या सगळ्याला काहीतरी कारण होतं, कधी सबळ, कधी लंगडं. याला नाही. छावणीतल्या हजारोंपेक्षा हा एक गर्भ जड का, याचं उत्तर एवढंच की तिथे पोचेपर्यंत त्याच्यासाठी थांबायच्या सगळ्या सोयी झाल्या होत्या आणि त्याने त्या पाहूनही पाय उचलला.

कृष्णाच्या शापातले शब्दही हेच दाखवतात. तो अश्वत्थाम्याला झोपलेल्यांचा मारेकरी म्हणत नाही, बालजीवितघातक म्हणतो. 3000 वर्षं एकटा भटकशील, कुठेही कुणाशी बोलणं होणार नाही, माणसांत थारा नाही, अंगाला रक्तपुवाचा वास, सगळे रोग. आणि त्याच दमात, त्याच भाषणात पुढे: पोर मेलेलं जन्मेल पण जगेल, मोठं होईल, आणि शस्त्रविद्या शिकेल शारद्वत कृपाकडून. 60 वर्षं राज्य करेल.

म्हणजे भाच्याने ज्या मुलाला पोटात मारलं, त्याच मुलाला मामा धनुष्य धरायला शिकवणार. काल रात्री दरवाजावर उभं राहून ज्याने पळणारे कापले, तो मामा. महाप्रस्थानाला निघताना युधिष्ठिर परीक्षिताला कृपाच्या हवाली करून जातो. कृपाने कधी माफी मागितल्याचं मला तरी कुठे आढळलं नाही. तो फक्त त्या रात्रीनंतर थांबला, हस्तिनापुरात जाऊन समोर उभा राहिला, आणि मग आयुष्यभर शिकवत बसला. हे अन्यायकारक वाटतं? मला वाटतं. द्रौपदीला काय वाटलं असेल याचा तर विचारही करवत नाही. पण कथेने माफीपेक्षा थांबण्याला जास्त किंमत दिली आहे, आणि तिथे मी कथेच्या बाजूने आहे.

कृतवर्म्याचा निकाल मधला. मौसलपर्वात प्रभासला दारूच्या भरात सात्यकी त्याला टोमणा मारतो, झोपलेल्यांना मारणारा क्षत्रिय कसला. कृतवर्मा उलट भूरिश्रव्याची आठवण देतो, ज्याला हात तुटून बसलेला असताना सात्यकीने मारलं होतं, आणि सात्यकी त्याचं डोकं उडवतो. केलेलं अंगाशी आलं, पण मेल्यावर तो मरुद्गणांत, म्हणजे देवांच्या एका गणात, गेला असं स्वर्गारोहणपर्व सांगतं. तिथे शकुनीचीही सोय आहे. दुर्योधन तर युधिष्ठिराला स्वर्गात सिंहासनावर बसलेला दिसतो आणि त्याचा संताप होतो. युद्धाचं मूळ असलेला माणूस स्वर्गात, आणि अश्वत्थामा कुठल्याच यादीत नाही, कारण त्याला मरायचीही मुभा नाही.

भागवताची आवृत्ती

ज्यांना वाटेल की मी गंगाकाठच्या एका वाक्यावर फार भार टाकतो आहे, त्यांनी भागवताचा पहिला स्कंध पाहावा. तिथे घटनाक्रम वेगळा आहे. अर्जुन अश्वत्थाम्याला दोरीने बांधून द्रौपदीपुढे आणतो. पाचही मुलं गमावलेली ती बाई म्हणते, सोडा याला. मी रडते आहे तशी याची आई कृपी रडू नये. मग मणी काढून घेऊन, केस कापून त्याला हाकलून देतात.

माफ करायचा हक्क असलेली एकच व्यक्ती होती आणि तिने माफ केलं. यापेक्षा मोठं दार कुणी कुणासाठी उघडू शकत नाही. पुढच्याच अध्यायात कृष्ण द्वारकेला निघालेला असताना उत्तरा धावत येते: तापलेला बाण माझ्या गर्भाकडे येतो आहे, मी मेले तरी चालेल, गर्भ वाचव. कृष्णाला कळतं, हे द्रौणीचं, म्हणजे अश्वत्थाम्याचं अस्त्र.

दोन ग्रंथ, दोन वेगळे क्रम, आणि दोन्हींनी गर्भावरचा हल्ला दया मिळण्याच्या आधी न ठेवता नंतर ठेवला आहे.

अपील

तरी खटला बंद झालेला नाही, कारण परंपरेने स्वतःच अपील दाखल करून ठेवलं आहे. आपल्याकडे वाढदिवसाला चिरंजीवांचा जो श्लोक म्हणतात, 'अश्वत्थामा बलिर्व्यासो', त्यात पहिलंच नाव याचं. मुलाला दीर्घायुष्य लाभावं म्हणून बालघातकाचं नाव घ्यायचं, आणि त्याच श्लोकात पुढे मामाही आहे. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या अस्तंबा शिखरावर दिवाळीत यात्रा भरते. अस्तंबा ऋषी म्हणून तिथले आदिवासी ज्याला पूजतात, तो अश्वत्थामाच असं सांगतात. जखमेला तेल मागत फिरणारा उंच म्हातारा नर्मदेच्या परिक्रमेतल्या कित्येकांनी ऐकलेला असतो. आणि विष्णुपुराण, भागवत दोन्ही सांगतात की पुढच्या, सावर्णी मन्वंतरात, म्हणजे काळाच्या पुढच्या मोठ्या फेऱ्यात, सप्तर्षींमध्ये द्रोणपुत्र असेल, कृप असेल आणि व्यासही असतील.

मग 'परतीची वाट नाही' कसं म्हणायचं? शापालाही मुदत आहे, 3000 वर्षं. जन्मठेप आहे, पण कायमची नाही.

माझं उत्तर असं. यादीत नाव आलं म्हणजे माणूस सुधारला असं नाही. कृपाने काय केलं ते मी सांगू शकतो: एक मूल शिकवलं. अश्वत्थाम्याने त्या गंगाकाठानंतर कुणासाठी काय केलं, याची एकही गोष्ट कथेत नाही. तो तेल मागतो. ते मागणंच आहे, देणं नाही. सप्तर्षिपद हे पुराणांनी दिलेलं आरक्षण आहे, प्रवास कुणी लिहिलेला नाही, आणि प्रवास दाखवल्याशिवाय मी पात्राला सुटलेलं मानत नाही. मालिकांतल्या शेवटच्या भागात अचानक सज्जन होणाऱ्या खलनायकांनाही मी हेच माप लावतो.

एक ओळ मात्र मला पूर्ण गप्प बसू देत नाही. शाप ऐकल्यावर अश्वत्थामा वाद घालत नाही. भगवंताचं वचन खरं होवो, म्हणतो, आणि व्यासांकडे वळून म्हणतो, ब्रह्मन्, मी माणसांत तुमच्याबरोबर राहीन. नुकतंच त्याला सांगितलं गेलं आहे की तुझ्याशी कुणी बोलणार नाही, आणि हा सोबत मागतो आहे. ज्यांनी 'थांब' म्हटलं होतं त्यांची. विनंती असेल, मस्ती असेल किंवा पहिल्यांदा आलेली लाज असेल, श्लोक ते सांगत नाही आणि व्यासांचं उत्तरही देत नाही. संशयाचा फायदा आरोपीला द्यायची पद्धत आहे. तो त्या रात्रीसाठी मी दिला, काडीसाठीही दिला असता. उत्तरेच्या गर्भासाठी देत नाही.